न पाहिलेली खाण

उज्वला कापडणीस तीस वर्षं जगभरच्या खाणींमध्ये उतरली. ऑस्ट्रेलियातलं निकेल, चिली आणि झांबियातलं तांबं, फिनलंडमधलं जस्त. शेवटची सहा वर्षं ती एका मोठ्या खनिज कंपनीची प्रमुख होती आणि चार देशांतली अकरा हजार माणसं तिच्या हाताखाली काम करत होती. पण निवृत्तीनंतर नाशिक रोडच्या घरी एकटी बसलेली असताना तिला आठवायची ती एकच खाण, आणि त्या खाणीत तिनं कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं.

ती खाण राजस्थानातली, डूंगरवासची. तांब्याची. १९८८ साली भूशास्त्रात एम.एस्सी. करून उज्वला तिथे नोकरीला लागली. वडील मूळचे नामपूरचे, नोकरी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये. मुलगी एवढ्या लांब वाळवंटात जाणार म्हणून आई आठवडाभर नीट जेवली नव्हती. पहिल्या दिवशी उज्वला डोक्यावर हेल्मेट चढवून खाली जाणाऱ्या पाळण्याच्या रांगेत उभी राहिली. पाळणेवाल्यानं तिच्यासमोर हात आडवा धरला.

“मैडम, आप नहीं.”

जमिनीखालच्या कामाला बाईनं जायचं नाही, असा तेव्हा आपल्या देशात कायदा होता. तो तिला माहीत होता. पण नेमणूक झालीच आहे तर काहीतरी वाट निघेल, अशी तिची भाबडी समजूत होती. वाट निघाली नाही. तिला वर पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल मिळालं. खालून येणारे दगडाचे नमुने तपासायचे आणि कागदावर नोंदी करायच्या.

दुसऱ्या आठवड्यात एक उंच, किडकिडीत माणूस शेडमध्ये आला. खाणीचा सर्व्हेअर, निसार अन्सारी. मूळचा मालेगावचा, घरात दोन पिढ्यांचे माग. तिचं नाव-गाव ऐकून तो हसला आणि चक्क अहिराणीत म्हणाला, “नामपूरना बाजारमा मी येल शे.” हजार किलोमीटरवर वडिलांच्या गावची ती बोली ऐकून उज्वलाला भरून आलं. तिनं नुसती खुर्ची पुढे सरकवली.

तेव्हापासून पाळी सुटली की चारच्या सुमाराला निसार हातपाय धुऊन शेडमध्ये येई. केसांत धूळ तशीच असे. चहाचा पेला हातात धरून त्या दिवशी खाली पाहिलेलं तो सांगे आणि ती काढत जाई. त्याला भूशास्त्रातले शब्द येत नव्हते. मागावरचे येत होते. “ताण्यात एकच पिवळा धागा चुकून आलाय बघा, तशी शीर गेलीय.” “इथं कापड दुमडलंय.” “इथं फाटलंय, आणि फाटलेले दोन काठ एकमेकांसमोर नाहीत.” ती खोदून खोदून विचारी. दगड ओला होता की कोरडा? बोट लावलं तर हाताला रंग लागला का? तो कधी अंदाजानं उत्तर देत नसे. आठवत नसेल तर म्हणे, “उद्या बघून सांगतो.” आणि उद्या खरोखर बघून सांगे.

तीन वर्षांत तिच्याकडे त्या खाणीचा असा नकाशा तयार झाला, की तसा रोज खाली उतरणाऱ्या साहेबांकडेही नव्हता. कुठल्या वळणावर डोकं वाकवावं लागतं, कुठे वारा अंगावर येतो, कुठे बुटाखाली बारीक खडी वाजते, सगळं तिला ठाऊक होतं. सगळं ऐकीव.

त्या नकाशावरून तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पूर्वेकडे तांब्याची शीर संपली, असं सगळे धरून चालले होते. ती संपलेली नव्हती. जमीन सरकून ती तुटली होती, आणि तिचं उरलेलं टोक चाळीस मीटर पलीकडे, उत्तरेच्या अंगाला असणार होतं. सहा महिने भांडून तिनं तिकडे बोगदा मारायची परवानगी मिळवली. १९९१च्या नोव्हेंबरात बोगदा बरोबर तिथे पोचला. शीर होती, आणि आधीपेक्षा जाड होती.

त्या शोधावर तिचं नाव झालं. पर्थच्या एका कंपनीनं बोलावणं पाठवलं. तिकडे बायकांना खाली उतरता येत होतं. फेब्रुवारीत ती गेली. स्टेशनवर निसार सोडायला आला होता. “खाली उतराल तेव्हा पहिल्यांदा दिवा बंद करून एक मिनिट उभ्या राहा,” तो म्हणाला. एवढंच. गाडी सुटेपर्यंत दोघंही रुळांकडे बघत होते.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. ती शिफ्टची प्रमुख झाली, मग खाणीची, मग कंपनीची. पर्थमध्ये एका मराठी डॉक्टरशी लग्न झालं आणि सात वर्षांनी, न भांडता, संपलं. तिनं निसारला दोनदा नोकरीचे कागद पाठवले. दोन्ही वेळा त्यानं नम्र नकार कळवला. पुढे त्याचा पत्ता बदलला आणि तिची पत्रं परत येऊ लागली.

ती प्रमुख होती तिथे एक नियम होता. खाली काम करणाऱ्या कुणाही माणसाला धोका वाटला, तर त्यानं काम थांबवावं. त्याला कुणी जाब विचारणार नाही. २०२१ मध्ये झांबियातल्या एका जुन्या मुकादमानं सांगितलं, भिंतीतून झिरपणारं पाणी कोमट लागतंय, खोलवरचं पाणी आत फुटायच्या बेतात असेल. उज्वला विमानानं गेली, खाली उतरली, पाण्याला हात लावला आणि तिनं अख्खी खाण बंद केली. एकोणीस दिवस. तज्ज्ञ आले, यंत्रं आली. काहीच निघालं नाही. काहीच कोसळलं नाही. संचालकांनी विचारलं, “चूक झाली असं वाटतं का?” ती म्हणाली, “पुन्हा तसंच पाणी लागलं, तर पुन्हा बंद करीन.” वर्षभरात फुलांचे गुच्छ आणि चांगली भाषणं झाली, आणि तिच्या जागी दुसरा माणूस आला.

ती नाशिक रोडला, जेल रोडवरच्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. आईवडील गेलेले होते, भाऊ महेश पुण्याला. चार वाजले की तिला उगाचच चुळबुळ व्हायला लागायची. २०१९ मध्ये आपल्याकडचा कायदा बदलला तेव्हाच, प्रमुख असतानाच, तिनं डूंगरवासला पत्र लिहिलं होतं, की एकदा खाण बघायची आहे. उत्तर आलं, खाण २००३ साली बंद झाली. पंप काढून नेले. आत पाणी भरलंय.

मागच्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या एका कॉलेजनं तिला भूशास्त्राच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं. तिथे ती डूंगरवासबद्दल बोलली. “माझी सगळी कारकीर्द एका माणसाच्या डोळ्यांवर उभी आहे,” ती म्हणाली. “त्यांनी मला तीन वर्षांत एकदाही खोटं सांगितलं नाही, आणि काही लपवलं नाही. तो काम थांबवायचा नियम मी त्यांच्यामुळे केला. खालच्या माणसावर विश्वास ठेवायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले.”

कार्यक्रम संपल्यावर डोक्यावर ओढणी घेतलेली एक मुलगी गर्दी ओसरेपर्यंत थांबली.

“मॅडम, मी मेहविश. निसार अन्सारींची मुलगी. पेपरात तुमचं नाव वाचलं म्हणून आले.”

उज्वलानं तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. “कुठे आहेत ते?”

“इथंच. वडाळा रोडला. अब्बांनी पाठवलं नाही हं मला. त्यांना माहीतच नाही मी आलेय.” मग ती थोडं लाजून म्हणाली, “मी नागपूरला मायनिंग केलं. भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणीत आहे. सुट्टीवर आलेय.”

“खाली उतरतेस?”

“रोज.”

उज्वला हसली आणि तिनं मान वळवली. डोळे पुसायला रुमाल सापडेना.

दोन दिवसांनी ती वडाळा रोडला गेली. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार निसारच्या बायकोनं, शकीलानं उघडलं. “या ताई. नाव फार ऐकलंय तुमचं,” ती म्हणाली, आणि त्या बोलण्यात आतिथ्य होतं तसंच थोडं काही निरखणंही होतं.

निसार खिडकीशी बसला होता. सहासष्ट वर्षांचा, पण दिसायला त्याहून म्हातारा. धाप लागत होती, त्यामुळे वाक्य मध्येच तुटायचं. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. उज्वला उजव्या बाजूला बसली. पहिला अर्धा तास दोघं मालेगाव, नामपूर, कोण गेलं, कोण आहे, असलंच बोलत राहिले. चहा आला. मग तिनं दोन-तीन वर्षं मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला.

“निसारभाई, झांबियाच्या खाणीचं सांगते. तुम्ही असतात तर काय केलं असतं, ते मला सांगा. दुसऱ्या कुणाचं उत्तर मला नकोय.”

तिनं सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये विचारत राहिला. पाणी छतातून की बाजूनं? गढूळ होतं की नितळ? लाकडी टेकू ओले होते का? त्यातून आवाज येत होता का? सगळं ऐकून झाल्यावर त्यानं डोळे मिटले.

“मी बंद केली नसती,” तो म्हणाला.

उज्वलानं पेला खाली ठेवला.

“म्हणजे मी चुकले?”

“तसं नाही म्हटलं मी. तुम्ही विचारलंत, मी काय केलं असतं. मी नसती केली. कारण एकदा…” त्याला धाप लागली. शकीला पाण्याचा पेला घेऊन आली, तो त्यानं हातानंच परतवला. “मेहविशनं सांगितलं, कॉलेजात काय बोललात ते. लपवलं नाही म्हणालात. मला दोन रात्री झोप नाही. मी लपवलं होतं.”

“काय?”

“पूर्वेचा बोगदा. शेवटच्या आठवड्यात छतातून पाणी येत होतं. मी रोज बघत होतो. वर सांगितलं असतं तर काम बंद पडलं असतं. मग परत कुणी चालू केलं नसतं. तुमचा नकाशा खोटा ठरला असता.” तो थांबला. “मला तो खोटा ठरू द्यायचा नव्हता. सहा मीटर राहिले होते. मी म्हटलं, सहाच मीटर.”

“पण तुम्ही मला रोज…”

“तुम्ही विचारायचात, दगड ओला की कोरडा. त्या आठवड्यात मी कोरडा सांगितला.”

उज्वलानं खिडकीकडे मान वळवली. खाली रिक्षा वाजत होत्या.

“शेवटच्या सुरुंगानंतर छत फुटलं. भंवर होता पुढे. टेकू लावणारा. पाण्यानं त्याला फेकला, वर लाकूड पडलं. पाय गेला. त्या दिवशी मी शेडमध्ये आलो नाही, आठवतं? त्याच्याबरोबर हॉस्पिटलात होतो.”

तिला आठवत होतं. त्या दिवशी वर पेढे वाटत होते. कुणीतरी म्हणालं होतं, खाली एकाला लागलंय थोडं. खाणीत कुणाला ना कुणाला लागतच असतं. तिनं नावही विचारलं नव्हतं.

ती उठली. “येते,” एवढंच म्हणाली. शकीलानं जेवायला थांबा म्हटलं, तेही तिच्या कानावर आलं नाही.

अकरा दिवस ती कुणाला भेटली नाही. जगभरातल्या सभांमधून तिनं डूंगरवासच्या त्या शोधाची गोष्ट सांगितली होती. तरुण इंजिनिअर उठून उभे राहायचे. ज्या शिडीवरून ती चढत गेली, तिची पहिलीच पायरी एका माणसाच्या पायावर रोवलेली होती, आणि निसारनं ते तिच्यासाठी केलं होतं. राग त्याचा यायचा, मग स्वतःचा यायचा. आणि या सगळ्यात चार वाजले की तेच. त्या पत्र्याच्या शेडची ओढ जराही कमी होत नव्हती. त्याचाच तिला सर्वांत जास्त राग येत होता.

बाराव्या दिवशी ती परत गेली. निसार त्याच खिडकीशी होता. ती आली म्हणून तो उठायला लागला, तिनं बसवलं.

“मी रागावलेली आहे अजून,” ती म्हणाली.

“असणारच.”

“पण एक राहिलंय. शीर लागली तेव्हा तिथे काय दिसलं, ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाही. आधी हॉस्पिटल, नंतर तुम्ही विषय टाळत राहिलात, मग मी गेले. तेहतीस वर्षं मी वाट बघतेय. काय दिसलं?”

निसारनं आठवायचा प्रयत्न केला. त्याचे ओठ हलले आणि थांबले.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “खरंच. ती जागा आठवायला गेलो, की भंवरचा पाय दिसतो. लाकडाखाली. त्याच्यामागे दगड असणारच, पिवळा असणार, चमकत असणार. सांगू शकतो काहीतरी. पण ते बनवलेलं होईल.”

“नको,” उज्वला म्हणाली. “बनवलेलं नको.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “भंवर आहे का?”

“आहे. दर ईदला फोन करतो मी. तो दिवाळीला करतो. पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही.”

“मी जाते त्याच्याकडे.”

“मी येतो.”

“जिना उतरता येत नाही आणि राजस्थानात जायला निघाले,” शकीला आतून म्हणाली. मग बाहेर येऊन ती उज्वलासमोर बसली. “ताई, तुम्ही जाऊन या. ते झोपेत बडबडतात. ‘कोरडा, कोरडा’ म्हणतात. पूर्वी मला कळायचं नाही, काय कोरडा.”

नोव्हेंबरात उज्वला डूंगरवासला गेली. वसाहत ओस पडली होती. पत्र्याची शेड जागेवर नव्हती, नुसता सिमेंटचा ओटा होता. गावात नातवाच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर खाटेवर भंवर बसला होता. सत्तरीचा, डोक्याला पागोटं, एक पाय गुडघ्याखाली नाही. तिनं आपलं नाव सांगितलं. त्याला नाव आठवेना. “नक्शे वाली,” ती म्हणाली, तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

तिनं सगळं सांगितलं. निसारनं पाणी बघितलं होतं, सांगितलं नव्हतं, का सांगितलं नव्हतं. आणि तिनं त्याचं नावही तेव्हा विचारलं नव्हतं, हेसुद्धा. भंवर शांतपणे ऐकत होता. मग त्यानं बाजूला पडलेली काठी उचलून मांडीवर घेतली.

“पानी तो मैंने भी देखा था, मैडम,” तो म्हणाला.

“फिर बोले क्यों नहीं?”

“निसारभाई रोज नीचे आके बोलते थे, ऊपर एक मैडम है, उसको उतरने नहीं देते, फिर भी उसको सब दिखता है. हम आठ जने थे. सबको देखना था, सच दिखता है कि नहीं.” तो थोडा हसला, मग हसू मावळलं. “पाँव तो गया. गुस्सा भी बहुत आया, सालों तक. मगर किस पे करता?”

त्यानं नातवाला तिच्याबरोबर पाठवायची तयारी केली, पण खाण कुठल्या दिशेला आहे हे तिला विचारावं लागलं नाही. ती एकटीच चालत गेली. खाणीच्या तोंडाला तारेचं कुंपण होतं. वाकून बघितलं तर खाली, बऱ्याच खोलवर, पाणी दिसत होतं. काळं, स्थिर. ती दोन तास तिथे उभी राहिली.

नाशिकला परतल्यावर ती स्टेशनवरून घरी न जाता थेट वडाळा रोडला गेली. बॅग दारात ठेवली. भंवरचे शब्द तिनं जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत सांगितले. निसार उजवा कान तिच्याकडे करून ऐकत होता. ‘सबको देखना था’ हे त्यानं पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मग तो म्हणाला, “तरी मी बोलायला हवं होतं.”

“हो,” उज्वला म्हणाली. “बोलायला हवं होतं.”

त्यानं मान हलवली. तिनं ते खोडून काढलं नाही, याचं त्याला बरंच वाटलं असावं. खांदे थोडे सैल झाले. त्यानं मोबाइल उचलला, भंवरचा नंबर काढला, आणि लावायच्या आधी तसाच हातात धरून बसला.

“खाण बघितलीत?” त्यानं विचारलं.

“वरून.”

“पाणी कुठवर आलंय?”

“दुसऱ्या लेव्हलच्या खाली असेल. अंधारात नीट कळत नव्हतं.” ती थांबली. “निसारभाई, एवढं सगळं कळल्यावर तरी त्या खाणीची ओढ संपेल असं वाटलं होतं मला. तिथे उभी असताना एकच वाटत होतं, पाळणा यावा आणि आपण खाली जावं.”

शकीलानं दोन ताटं आणून ठेवली, तिसरं आणायला ती आत गेली. निसारनं खिडकीबाहेर बघत नंबर लावला.